आईला कुठं ठेवायचं? सोलापुरातल्या एका ख्रिस्ती घराचं प्रकरण

एप्रिलमधल्या एका शनिवारी संध्याकाळी जुळे सोलापुरातल्या एका घरात 79 वर्षांच्या एक बाई वारल्या. मुलं तीन. तिघंही गावातच राहणारी, तिघंही ख्रिस्ती, तिघंही रविवार न चुकवणारी. पण तिघांचे रविवार तीन ठिकाणी. थोरला अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या एका जुन्या मंडळीत (मंडळी म्हणजे एका चर्चचे सगळे सभासद), मधली मुलगी कॅथलिक चर्चमध्ये आणि धाकटा एका फेलोशिपमध्ये, म्हणजे भाड्याच्या हॉलवर भरणाऱ्या प्रार्थनासभेत. रात्रीचे साडेनऊ वाजले तरी बाईंना कुठं पुरायचं, कुणाच्या हातून पुरायचं आणि मुळात त्या कोणत्या मंडळीच्या, हे ठरलेलं नव्हतं. दिवसभराच्या उन्हानं भिंती अजून तापलेल्या होत्या आणि भाड्यानं आणलेली फ्रीजरची पेटी पुढच्या खोलीत घुरघुरत होती.

संघटित चर्च माणसं जोडतं की तोडतं, हा वाद चर्चासत्रात घातला की दोन्ही बाजूंना वचनं तयार असतात. एक जण म्हणतो, येशूनं कमिटी नेमली नव्हती. दुसरा म्हणतो, कमिटी नसती तर आज तुम्हाला येशू माहीत झाला असता का? दोघांनाही टाळ्या पडतात आणि चहा येतो. या घरात मात्र प्रश्न वचनांनी सुटणारा नव्हता. तो एका वहीवर, एका किल्लीवर आणि सहा फूट जमिनीवर येऊन ठेपला होता. मला हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यासाठी. घराची ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत, मंडळ्यांची नावं दिलेली नाहीत.

एका घरात तीन चर्च आली कशी

आजोबा बार्शीकडच्या एका खेड्यातून ख्रिस्ती होऊन सोलापुरात आले. ते प्रोटेस्टंटांमधल्या काँग्रिगेशनल पंथात गेले, पण त्यांनी पंथ निवडला असं म्हणणं धाडसाचं होईल. अमेरिकन मिशनची माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली, 1831 मध्ये तेव्हाच्या अहमदनगरात त्यांनी ठाणं केलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात काम सुरू केलं. पुढं प्रोटेस्टंट मिशनांनी एकमेकांच्या पायात पाय नको म्हणून मुलूख वाटून घ्यायची रीत पाडली. कोल्हापूरकडे प्रेस्बिटेरियन, नगर-सोलापूरकडे काँग्रिगेशनल. म्हणजे आजोबांचा तालुका ज्या मिशनच्या वाट्याला आला, त्या मिशनचे आजोबा झाले. तेच चार तालुके पश्चिमेला जन्मले असते तर नातू आज दुसऱ्याच पंथाचा अभिमान बाळगून असता.

काँग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण बघते: पाळक नेमणं, पैशाचा हिशेब, कमिटीची निवडणूक. खेड्यात ज्या माणसाला चावडीच्या पायरीवर उभं राहायची सोय नव्हती, तो इथं हात वर करून मत देत होता. ही फार मोठी गोष्ट होती. आमच्या मंडळ्यांना निवडणुकीची हौस जरा जास्तच, असं लोक हसत म्हणतात. मला त्या हौसेचं हसू येत नाही. भांडणं तिच्यातूनच होतात, हेही खरं.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्टांची एक शाखा आणि डिसायपल्स. जगात इतक्या वेगळ्या परंपरा एका छपराखाली आल्याची उदाहरणं थोडी आहेत. लेकरांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, मानणारे आणि मोठेपणी, कळत्या वयातला बाप्तिस्माच खरा म्हणणारे एकाच चर्चमध्ये नांदायला कबूल झाले, ही काही लहान तडजोड नव्हे. पण देव एक झाला तरी सातबारा एक झाला नाही. गुजरातमधल्या ब्रेदरन मंडळींच्या मालमत्तेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2013 मध्ये न्यायालयानं सांगितलं की नुसता विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून सार्वजनिक न्यासाची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही, न्यासाच्या कायद्याप्रमाणे ते व्हावं लागतं. एकीचा ठराव होऊन 43 वर्षं झाली होती.

मधल्या मुलीचं लग्न वसईच्या कॅथलिक घरात झालं. दाजी रेल्वेत, नोकरीमुळं सोलापुरात. तिला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही, कारण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं पाण्यानं झालेला प्रोटेस्टंट बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं. तिला फक्त कॅथलिक चर्चमध्ये दाखल करून घेतलं गेलं. लग्नाच्या वेळी थोरल्यानं दोन दिवस तोंड फुगवलं होतं. मग नाताळला ताईकडून कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, यायला लागला आणि विषय संपला.

धाकट्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचेवाले होते. गिरणी गेली, घरात दोन वेळची ओढाताण सुरू झाली, आणि धाकटा दारूला लागला. जुन्या मंडळीत त्याच्याबद्दल प्रार्थना व्हायची, पण ती त्याच्या पाठीमागं. लोक त्याच्याशेजारी बसायला कचरायचे. एका मित्रानं त्याला फेलोशिपमध्ये नेलं. दुकानाच्या वरचा भाड्याचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, की-बोर्ड, भिंतीवर प्रोजेक्टरनं टाकलेले गाण्याचे शब्द. तिथं त्याला कुणी विचारलं नाही तू कुणाचा. रात्री दोन वाजता प्यायची तल्लफ आली की तो तिथल्या ब्रदरला, म्हणजे फेलोशिप चालवणाऱ्या माणसाला, फोन करायचा आणि ब्रदर उचलायचा. दारू सुटली. आईच्या दृष्टीनं हाच मोठा चमत्कार होता. ती उतारवयात धाकट्याकडे राहायला गेली आणि त्याच्याबरोबर हॉलवर जायला लागली. तीन वर्षांपूर्वी तिनं एका शेतातल्या हौदात पाण्याचा बाप्तिस्मा घेतला. फेलोशिपच्या मते तो तिचा पहिला बाप्तिस्मा. जुन्या मंडळीच्या मते दुसरा, म्हणजे न होण्यासारखा.

अशा फेलोशिप काल-परवा बाहेरून आल्या, असं जुन्या मंडळींतले लोक म्हणतात. ते मला पटत नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जी जागृती झाली, मुली रडत, मोठ्यानं प्रार्थना करत तासन्‌तास बसायच्या, तिची नोंद जगभरच्या पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पंथांच्या, इतिहासात होते. आणि केडगाव आहे पुणे-सोलापूर रेल्वेलाइनवरच. टाळ्या वाजवून प्रार्थना करणं आमच्या भागाला नवं नाही, हॉल तेवढा नवा आहे.

शनिवारची रात्र

आईची इच्छा सगळ्यांना माहीत होती: वडिलांच्या शेजारी. वडील जुन्या मंडळीच्या दफनभूमीत 1998 पासून होते. पुरेशी वर्षं झाली की तीच कबर उघडून जोडीदाराला तिथं ठेवायची पद्धत आहे, त्यामुळं नव्या जागेचाही प्रश्न नव्हता.

दादानं सेक्रेटरींना फोन लावला. दादा स्वतः त्या मंडळीत वर्षानुवर्षं असलेला, कधीकाळी कमिटीवरही होता. सेक्रेटरी वाईट माणूस नाही. त्यांनी आधी सांत्वन केलं, मग अडचण सांगितली. बाईंचं नाव सभासद यादीतून कमी झालेलं आहे. वर्गणी थकली होती आणि दुसरीकडे बाप्तिस्मा घेतल्याचं कळल्यावर कमिटीत ठराव झाला होता. आता बाहेरच्यांना लागतो तो दर लागेल, आणि दफनभूमीत दुसऱ्या मंडळीच्या पाळकाला विधी करता येणार नाही, असा नियम आहे.

दर ऐकून कुणी अडलं नाही, तेवढे पैसे तिघांत निघाले असते. ठिणगी पडली ती ‘बाहेरच्या’ म्हटल्यामुळं.

"आमची आई बाहेरची?" धाकटा म्हणाला. "दादा, तू त्या कमिटीत बसतोस ना रे? तुझ्यासमोर नाव कापलं?"

"मी तेव्हा कमिटीवर नव्हतो. आणि तू तिला हौदात बुडवून आणलीस तेव्हा मला विचारलं होतंस?"

"ती माझ्या मागं नाही आली, देवाच्या मागं आली."

"मग देवाला सांग की आता जागा द्यायला. तुमच्या हॉलवर ठेवायचं का आईला?"

हे वाक्य दादाला बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आधी आईंचं बघा की हो, मग भांडा."

मुद्दा मात्र दादानं अचूक धरला होता. फेलोशिपकडे गाणी होती, गर्दी होती, रात्री दोनला उचलला जाणारा फोन होता. दफनभूमी नव्हती. ब्रदरनं ओळखीच्या एका पास्टरला फोन करून पाहिला, त्यांच्याकडेही जागा नव्हती. ताईनं फादरना फोन केला. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं: आपला पाळक उपलब्ध असेल, तर दुसऱ्या चर्चमधल्या बाप्तिस्मा झालेल्या माणसाचा दफनविधी कॅथलिक पद्धतीनं सहसा करत नाहीत. तसा तो करायचाच झाला तर बिशपांच्या विचारानं. मी घरी येईन, प्रार्थना करीन, मातीला येईन. पुढं उभा राहणार नाही. ताईला ते जरा लागलं, पण खोटी आशा लावण्यापेक्षा हे बरं. सेक्रेटरी, ब्रदर आणि फादर या तिघांपैकी नियम नीट माहीत असलेला आणि तो स्पष्ट सांगणारा माणूस फादरच निघाले. नियम जितका जुना आणि लिहिलेला, तितका तो ऐनवेळी कमी बोचतो, असं मला अनेकदा वाटलं आहे. बोचतात ते कमिटीच्या इतिवृत्तातले ताजे ठराव.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. आई जुनी मंडळी सोडून गेली त्या काळात तिच्या घरी त्या मंडळीतलं कुणीही विचारपूस करायला गेलं नव्हतं. नाव कमी करायला मात्र सभा भरली, कोरम झाला. ठरावाचं पत्रही तिला गेलं नाही. मंडळी तुटते ती अशी. कुणी दार लावून घेत नाही, फक्त कुणी दारात जात नाही आणि मग यादी दुरुस्त होते.

मयत फंडाची वही

रात्री दहाच्या सुमारास मास्तर आले. मयत फंडाचे खजिनदार, निवृत्त शिक्षक. मंडळीत त्यांना नावानं कुणीच ओळखत नाही. मयत फंड म्हणजे घरटी दर महिना थोडे पैसे गोळा करायचे आणि कुणी गेलं की त्यातून शवपेटी, खड्डा आणि गाडी यांचा खर्च भागवायचा. गिरणी कामगारांच्या वस्तीत अशी सोय नसती तर कित्येकांना उसने काढून माती द्यावी लागली असती. हा फंड मंडळीचाच, पण त्याची वही वेगळी.

मास्तरांनी पिशवीतून ती वही काढली. लांब, कापडी पाठीची, कोपरे झिजलेली, प्रत्येक पानावर घराचं नाव आणि पुढं बारा चौकोन. आईचं पान त्यांनी उघडून समोर ठेवलं. चौकोन भरलेले होते. मागच्या महिन्यापर्यंत. प्रत्येकात मास्तरांची बारीक सही.

थोरल्या वहिनी दर महिन्याला पैसे देत होत्या. घरात कुणाला माहीत नव्हतं, दादालाही. सासूबाई धाकट्याकडे जाताना सांगून गेल्या होत्या: वर्गणीचं राहू दे, तो मयत फंड मात्र चुकवू नको. शेवटची वर्षं दर महिन्याला त्या स्वतःच्या पेन्शनमधून पैसे काढून थोरल्या सुनेच्या हातात ठेवत. हॉलवर टाळ्या वाजवणारी, हौदात उतरलेली ही बाई जागेची सोय मात्र जुन्या ठिकाणी राखून होती. मला यात दुटप्पीपणा दिसत नाही. जीव कुठं रमतो आणि देह कुठं ठेवायचा, हे दोन वेगळे हिशेब तिनं वेगळे ठेवले होते. आयुष्यभर बालवाडीत चाळीस पोरं सांभाळलेल्या बाईला एवढं व्यवहारज्ञान असणारच.

मास्तरांनी सेक्रेटरींना फोन लावला. आवाज चढवला नाही. "यादीत नाव नसेल, पण वहीत आहे. फंडाच्या नियमात कुठंही लिहिलेलं नाही की पाण्यात उतरलं की पैसे बुडतात. पैसे आपण घेतलेत. आता पेटी, खड्डा, गाडी देणं लागतो आपण." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग पाळकसाहेबांनीच फोन घेतला आणि रविवारी संध्याकाळी पाचची वेळ दिली. विधी मी करणार, म्हणाले, पण घरी कुणी कशी प्रार्थना करायची ते मी सांगणार नाही, आणि मातीवर ब्रदरना पाच मिनिटं देईन. कमिटीची मान्यता त्यांनी घेतली नव्हती. ती नंतर घेतली, आणि त्या सभेत त्यांना बोलणी खावी लागली.

संघटना इथं दोनदा कामाला आली आणि दोनदा उलट्या दिशेनं. एका वहीनं बाईंना बाहेर काढलं, दुसरीनं आत घेतलं. दोन्ही वह्या एकाच मंडळीच्या, एकाच कपाटात ठेवलेल्या. म्हणून ‘चर्च’ या एका शब्दात सगळं कोंबून जोडतं की तोडतं विचारलं की उत्तर हाती लागत नाही. कोणती वही, ती कुणाकडे, आणि तिच्यात नाव राहायला काय लागतं, हे विचारावं लागतं. सभासद यादीत राहायला शिकवण, वर्गणी आणि निष्ठा लागत होती. फंडाच्या वहीत राहायला महिन्याचे ठरलेले पैसे पुरत होते.

हे फक्त आमच्या गावचं नाही. केरळात ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट या दोन ख्रिस्ती गटांतल्या भांडणात चर्चच्या इमारती एका गटाकडे गेल्या आणि दुसऱ्या गटातल्या लोकांना आपल्याच पूर्वजांच्या दफनभूमीत माणसं पुरणं अवघड झालं. शेवटी 2020 मध्ये राज्याला कायदा करावा लागला की कुटुंबाच्या जुन्या दफनभूमीत पुरण्याचा हक्क आहे, विधी बाहेर करा, हवं तर पाळकाशिवाय करा. पंथ तेच, श्रद्धा जवळजवळ तीच, आणि मृतदेह दारात अडलेले. छत्तीसगडमधल्या एका पाळकाचं प्रकरण त्याहून वेगळं. तिथं अडवणारे ख्रिस्ती नव्हते, गावच होतं. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली, पण देह जवळपास तीन आठवडे शवागारात पडलेला असल्यानं शेवटी दूरच्या, ख्रिस्ती लोकांसाठी राखलेल्या जागी दफन करायला सांगितलं गेलं. त्या मुलाला गावातच वडिलांना पुरायचं होतं. सोलापुरातल्या या घरापुढं निदान हे संकट नव्हतं. इथं जागा होती, ती कुणाच्या ताब्यात हा वाद होता.

रविवार

दुपारी दोनला ताईच्या चर्चमधल्या बायका आल्या आणि त्यांनी घरात रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, म्हटली. फेलोशिपची मंडळी तेव्हा बाहेर रस्त्यावर, लिंबाच्या सावलीत उभी राहिली. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करणं त्यांना चालत नाही, मरियेला हाक मारणं तर नाहीच. पण त्यांनी आतल्यांना अडवलं नाही आणि आतल्यांनी त्यांना बोलावलं नाही. मग त्यांची पाळी आली, बायका बाहेर आल्या, आत टाळ्या आणि गाणी झाली. शेजारच्या तेलुगू कुटुंबानं दोन्ही वेळा सगळ्यांना पाणी दिलं. त्यांना हे वेगवेगळे गट आहेत हे कळलं असेल, असं वाटत नाही.

दफनभूमीत पाळकसाहेबांनी जुनी पुस्तकातली प्रार्थना वाचली. मग ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू झालं. ‘आम्हाला वाइटापासून सोडव’ इथं कॅथलिक लोक थांबले, सवयीनं. प्रोटेस्टंट पुढं ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव’ म्हणत राहिले. फादर कोपऱ्यात उभे होते, त्यांनी शेवटचा ‘आमेन’ बरोबरीनं म्हटला.

ब्रदरना पाच मिनिटं दिली होती, त्यांनी वीस घेतली. आईच्या साक्षीबद्दल, म्हणजे तिच्या श्रद्धेच्या अनुभवाबद्दल, चांगलं बोलले, मग तारणाबद्दल, आणि मग "ज्यांचा खरा बाप्तिस्मा झाला आहे" असं एक वाक्य आलंच. दादाची मान खाली गेली. पाळकसाहेबांनी खोकून आठवण दिली. मला त्या क्षणी ब्रदरचा राग आला होता आणि अजूनही ते वाक्य मला अनाठायी वाटतं. ज्याच्या जमिनीवर उभं राहून बोलायचं त्याच्या बाप्तिस्म्याला खोटं म्हणायचं, हे कुठल्याही पंथात शोभत नाही.

पण लगेच पुढं जे झालं तेही लिहायला हवं. माती लोटायची वेळ आली. जुन्या मंडळीत आता पिकल्या केसांची माणसं जास्त. तरुण पोरं पुण्याला, काही दुबईला. खड्डा खणणारा माणूस एकटा. फेलोशिपची आठ-दहा पोरं पुढं झाली, कुणी फावडं घेतलं, कुणी घमेलं, शर्टाच्या बाह्या वर करून त्यांनी तापलेली ती माती भराभर लोटली. दादा एकटाच हातानं माती टाकत होता, तेव्हा त्यांच्यातल्या एकानं म्हटलं, "दादा, तुम्ही बसा की, आम्ही करतो." जागा जुन्या मंडळीची, हात नव्या मंडळीचे. एकाकडे दोन्ही असतं तर त्या दिवशी एवढे लोक एका ठिकाणी आले नसते.

संध्याकाळी जेवण आलं. पिठलं-भाकरी ताईच्या शेजारणींनी आणली, भात-आमटी जुन्या मंडळीच्या महिला मंडळानं. कडू घास म्हणतात तो सगळ्यांनी एकाच सतरंजीवर बसून घेतला. गर्दी पांगल्यावर धाकटा आणि दादा एकमेकांशी बोलले नाहीत. तो अबोला पुढं दोन-तीन महिने राहिला.

संघटना नको म्हणणाऱ्यांचं काय

नारायण वामन टिळकांनी हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी प्रत्यक्ष जगून पाहिला होता. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी 1917 मध्ये मिशनच्या नोकरीतून बाहेर पडला आणि साताऱ्यात त्यानं ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, असे दोन्ही ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, अशी कल्पना होती. यादीची अट नको, ख्रिस्त पुरे. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची भजनं मात्र ‘उपासना संगीत’ या पुस्तकातून आजही म्हटली जातात. ज्या संघटनेतून ते बाहेर पडले, तिनंच ती छापली, शिकवली, टिकवली. या विरोधाभासावर मी अनेकदा विचार केला आहे आणि टिळकांची चूक होती, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. इतकंच दिसतं की प्रेमाला यादी लागत नाही, पण टिकायला काहीतरी ठेवायला लागतं आणि ठेवायला लागलं की कपाट येतं, कपाट आलं की किल्ली येते.

धाकट्याच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. शाळेत नाव घालताना वडिलांनी थोरल्याच्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ लिहिलं आणि धाकट्याच्या वेळी ‘हिंदू महार’. असं एका घरात दोन दाखले असणं आमच्यात नवलाचं नाही. अनुसूचित जातींबाबतच्या 1950 च्या आदेशानं सवलत फक्त हिंदूंना ठेवली. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही नाहीत. जात चर्चच्या दारात गळून पडत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, कायद्याला तेवढं मान्य नाही. त्यामुळं ज्या मंडळीत यादी असते तिच्यात नाव लावणं, सवलत जाईल म्हणून, धाकट्याला जोखमीचं वाटायचं. फेलोशिपमध्ये यादी नव्हती, हे तिथल्या उबेचं एक कारण होतं आणि त्याच्यासाठी ते फारच व्यवहारी कारण होतं. हे कुणी उघड बोलत नाही. जुन्या मंडळीतले लोक मात्र पाठीमागं बोलतात: दोन्ही डगरींवर हात. ज्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती नाकारली गेली त्यांचा हा सल मी समजू शकतो. पण ती भिंत फेलोशिपनं बांधलेली नाही आणि मंडळीनंही नाही. दिल्लीतल्या एका आदेशाची सावली सोलापुरातल्या दोन भावांमध्ये पडली आहे.

त्यानंतर

दगडावर काय कोरायचं, यावर पुन्हा गाडी अडली. आमच्याकडे जन्म, बाप्तिस्मा आणि ‘प्रभूमध्ये निद्रित’ अशा तीन तारखा लिहायची रीत आहे. बाप्तिस्म्याच्या तारखा दोन. धाकट्याला हौदाची हवी होती, दादाला लहानपणीची. ताई म्हणाली, दोन्ही घाला. पाळकसाहेब म्हणाले, तसं केलं तर उद्या प्रत्येक जण विचारील. शेवटी बाप्तिस्म्याची ओळच गाळली आणि वडिलांच्या दगडावरच आईचं नाव, दोन तारखा, एवढंच आलं.

जुन्या मंडळीत दोन बदल झाले. नाव कमी करायच्या आधी घरी जाऊन भेटायचं आणि लेखी कळवायचं, असा ठराव मास्तरांनी मांडला आणि तो पास झाला. मयत फंडात सभासद नसलेल्यांनाही भाग घेता येईल का, हा दुसरा ठराव मात्र बारगळला. फंड आटेल, ही भीती होती. भीती खोटी नाही. तरुण घरं कमी, मयती जास्त.

फेलोशिपनं त्या उन्हाळ्यानंतर स्वतःच्या दफनभूमीसाठी खटपट सुरू केली. मृतांच्या विल्हेवाटीसाठी जागा देणं हे कायद्यानं महापालिकेचं काम आहे, म्हणून महापालिकेत अर्ज द्यायचं ठरलं. तिथल्या बाबूनं पहिलाच प्रश्न विचारला: अर्ज कोण करतंय? संस्था नोंदलेली आहे का? म्हणून आधी धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवायचा. त्यासाठी विश्वस्तांची नावं, घटना, सभासदत्वाचे नियम, हिशेबाच्या वह्या. विश्वस्त कोण होणार यावरून हॉलमध्ये दोन गट पडले आणि त्यातला एक गट होटगी रोडला वेगळा बसू लागला. दादाला हे कळल्यावर तो मनात खूश झाला असेल, पण बोलला नाही, याचं मला कौतुक वाटलं.

उलट न्यासाची घटना कशी लिहायची हे विचारायला धाकटा दादाकडेच आला. अबोला त्यामुळं सुटला. दादानं जुन्या मंडळीच्या घटनेची प्रत काढली, वहिनींनी चहा केला, आणि दोघं सभासदत्वाच्या कलमावर बसले. दादाचा आग्रह एकच होता: माणूस सोडून गेला तरी दफनाचा हक्क जाणार नाही, असं पहिल्यांदा लिहा, बाकीचं नंतर. ते कलम मसुद्यात आलं आहे.

विश्वस्तांच्या यादीत सात नावं लागतात, असं त्यांनी ठरवलं होतं. सहा भरली आहेत. सातव्यासाठी सगळे धाकट्याकडे बघताहेत, कारण धावपळ त्यानंच केली. त्याच्या मुलीचा कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज याच वर्षी आहे. त्यानं दादाला विचारलं, काय करू? दादा म्हणाला, "मास्तरांना विचार." मास्तरांनी अजून उत्तर दिलेलं नाही.